'फॉरेन ॲड्रेस' म्हणजे परदेशी चोर नव्हे! (आणि माझे गेलेले साडेआठ हजार)



आज मार्केटिंग नाही, जीएसटी नाही, मुद्रा लोन पण नाही. आज मी तुम्हाला माझा एक मूर्खपणा सांगणार आहे. व्हिडिओत मी तो दोन मिनिटांत उरकला, कारण कॅमेऱ्यासमोर अजूनही लाज वाटते. लिहिताना तेवढी वाटत नाही, म्हणून इथे सविस्तर.

तुमच्यापैकी बऱ्याच जणांना माहीत आहे, माझं सांगलीत पॅकिंग मटेरियलचं दुकान आहे. बॉक्स, टेप, कुरिअर बॅगा. दुकान दहा बाय बाराचं, माल छतापर्यंत, त्यामुळे कॉम्प्युटर ठेवायला जागाच नाही. बिलिंगचा कॉम्प्युटर घरी. रात्री जेवणं आटोपली की मी दिवसभराच्या एंट्र्या मारते. त्याच कॉम्प्युटरवर मुलाचा अभ्यास, त्याच्यावरच नवऱ्याच्या क्रिकेटच्या क्लिपा आणि त्याच्यावरच माझं नेट बँकिंग. छोट्या धंद्यातलं घर असंच असतं, उगाच नाक मुरडू नका.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. एका रात्री नेट फारच रखडत होतं. मी काहीच डाउनलोड करत नव्हते, तरी राउटरचा दिवा टकाटका लुकलुकत होता. मनात पाल चुकचुकली. कुठल्याशा व्हिडिओत पाहिलं होतं की कमांड प्रॉम्प्ट उघडून 'नेटस्टॅट' लिहिलं की आपला कॉम्प्युटर कोणाकोणाशी बोलतोय त्याची यादी येते. लिहिलं. आणि स्क्रीन भरून ओळी आल्या. चाळीस तरी असतील. वर एका रकान्याचं नाव, 'फॉरेन ॲड्रेस'. आणि बऱ्याच ओळींपुढे, 'एस्टॅब्लिश्ड'.

बीबीए झालेली बाई मी. इंग्रजी येतं मला. फॉरेन म्हणजे परदेशी, एस्टॅब्लिश्ड म्हणजे बस्तान बसलेलं. म्हणजे परदेशातले चाळीस जण माझ्या कॉम्प्युटरात बस्तान मांडून बसलेत! हातपाय गार पडले. सकाळीच एका पार्टीचे पैसे खात्यात जमा झाले होते.

नेटवर मदतीचा नंबर शोधला. सगळ्यात वर जो आला तो लावला. (वर येतो तो बहुतेकदा जाहिरातीचा असतो, हे मी स्वतः मार्केटिंगच्या क्लासमध्ये शिकवते!) समोरचा माणूस फार गोड बोलला. "मॅडम, घबराइए मत." त्याने एक रिमोट ॲप टाकायला लावलं, स्क्रीन ताब्यात घेतली आणि मी पाहिलेली तीच यादी मला पुन्हा दाखवली. माउसने एकेका ओळीखाली रेघ मारत, "ये देखिए, फॉरेन. ये भी फॉरेन." तीन वर्षांच्या 'नेटवर्क सुरक्षा प्लॅन'चे ८,५०० रुपये. मी भरले. यूपीआयने, त्याच्या डोळ्यांदेखत, त्याच स्क्रीनवर बँक उघडून शिल्लक बघून!

पुढे दिवाळीला माझा मावसभाऊ आला. तो पुण्यात नेटवर्किंगची नोकरी करतो. मी मोठ्या अभिमानाने सांगितलं की मी हॅकर घालवले. तो हसला नाही, हे त्याचे उपकार. शेजारी खुर्ची ओढून बसला आणि तीच यादी माझ्याकडून ओळ-ओळ वाचून घेतली. ब्राउझर. ब्राउझर. टॅली. प्रिंटर. व्हॉट्सॲप. विंडोजचा अपडेट. पुन्हा ब्राउझर. चाळीसच्या चाळीस ओळी घरच्याच. फक्त एक ओळ परकी होती. कॉम्प्युटर चालू झाला की आपोआप चालू होणारं, कधीही बाहेरून आत येता येईल असा पासवर्ड घालून ठेवलेलं, त्या गोड माणसाचं रिमोट ॲप.

परकी माणसं हाकलायला मी ज्याला पैसे दिले, यादीतला एकमेव परका तोच होता.

आता माझं मत ऐका, आणि हे मत मी दर बॅचला मांडते, काही जणांना पटत नाही तरी. ज्याला आपला गल्ला मोजता येतो, ज्याला उधारीची वही वाचता येते, त्याला ही यादीही वाचता येते. "ते टेक्निकल आहे, ते आपलं काम नाही" हे वाक्य आपल्याला फार महाग पडतं. आपण माल घेताना बॉक्स प्लायचा आहे का बघतो, कागद बोटांत चोळून बघतो. आणि ज्या मशीनवर आपला सगळा धंदा आहे तिथे मात्र पहिल्या भीतीला पाकीट काढतो. भीती दाखवणाऱ्यांचा तोच तर धंदा आहे. ही यादी दाखवून घाबरवण्याची युक्ती जुनी आहे आणि ती चालते ती एका शब्दाच्या जोरावर. म्हणून तो शब्द आधी मोडून काढू.

'फॉरेन ॲड्रेस' म्हणजे 'पलीकडच्याचा पत्ता'. बस, इतकंच. फोनच्या बिलात समोरच्याचा नंबर छापलेला असतो ना, तसा. तो पलीकडचा माणूस अमेरिकेत असेल, मुंबईत असेल, नाहीतर तुमच्याच हॉलमधला वायफाय प्रिंटर असेल. 'लोकल ॲड्रेस' म्हणजे आपला. आणि 'एस्टॅब्लिश्ड' म्हणजे बोलणं चालू आहे. हॅकर बसलाय असं नाही. 'लिसनिंग' म्हणजे एखादा प्रोग्रॅम शटर वर करून बसलाय, गिऱ्हाईक आलं तर घेईन म्हणून. गिऱ्हाईक आलंच आहे असं नाही. 'टाइम वेट' म्हणजे बोलणं संपलं, फक्त पावती अजून काउंटरवर पडलीये. अशा ओळीपुढे प्रोग्रॅमचा नंबर शून्य दिसतो आणि लोक त्यालाच घाबरतात, "बघा, नावच लपवलंय!" लपवलं वगैरे काही नाही, संपलेल्या बोलण्याला मालक उरत नाही.

आता पत्ते. १९२.१६८ ने सुरू होणारा पत्ता म्हणजे तुमच्याच घरातलं काहीतरी. राउटर, टीव्ही, मोबाईल, प्रिंटर. १० ने सुरू होणारे आणि १७२.१६ पासून १७२.३१ पर्यंतचे पण खासगी वापराचे, म्हणजे बाहेरच्या इंटरनेटवर ते फिरतच नाहीत. आणि १२७.०.०.१ हा सगळ्यात गमतीदार. तो म्हणजे तुमचा स्वतःचा कॉम्प्युटर. तो स्वतःशीच बोलतोय. वेड लागलं म्हणून नाही. एकाच मशीनवरचे दोन प्रोग्रॅम एकमेकांना निरोप देतात तेव्हा याच पत्त्यावरून देतात. हा पत्ता लक्षात ठेवा, शेवटी लागणार आहे.

पत्त्यापुढच्या आकड्याला पोर्ट म्हणतात. एकाच इमारतीतल्या वेगवेगळ्या गाळ्यांचे नंबर समजा. ४४३ म्हणजे कुलूप असलेली वेबसाइट, आणि यादीतल्या बहुतांश ओळी याच्याच असतात. टॅली नेहमीच्या सेटिंगला ९००० वर ऐकत बसते. नेटवर्कवरच्या प्रिंटरला छपाई बहुतेकदा ९१०० वरून जाते. फायरवॉलच्या सूचनेत कधी २३९.२५५.२५५.२५० असा अवाढव्य पत्ता दिसतो आणि माझ्या एका विद्यार्थ्याने तो बघून राउटरच बंद केला होता. तो पत्ता म्हणजे "घरात कोण टीव्ही-बिव्ही आहे का हो?" अशी सगळ्यांना मारलेली हाक आहे.

आणखी एक नाव लोकांना हमखास घाबरवतं, '१ई१००.नेट'. काय भयानक दिसतं ना? ते गुगलचं आहे. एकावर शंभर शून्य या संख्येला गूगॉल म्हणतात, आणि शास्त्रीय पद्धतीने ती अशीच लिहितात. गणितवाल्यांचा विनोद, घाम आपल्याला.

मग तुम्ही विचाराल, ताई, पत्ता खरंच दुसऱ्या देशातला निघाला तर? माझं ऐकाल तर देश हा सगळ्यात कच्चा पुरावा. मोठ्या कंपन्या त्यांचा माल जगभरच्या गोदामांत ठेवतात आणि जिथून सोपं पडेल तिथून पाठवतात. ॲमेझॉनने २०१६ मध्ये मुंबईतच आपली सर्व्हरची सेवा सुरू केली, त्यामुळे अमेरिकन कंपनीचं पान मुंबईहून येऊ शकतं. आणि चोरालाही तिथलाच सर्व्हर भाड्याने घेता येतो! पत्ता कुठला हे सांगणाऱ्या साइटी तर कित्येकदा फक्त कंपनीची नोंदणी कुठे आहे तेवढंच दाखवतात. कुरिअरवरचा पिनकोड बघून पार्सलात काय आहे ते कळतं का?

त्यापेक्षा हे विचारा: बोलतंय कोण? म्हणजे माझ्या कॉम्प्युटरवरचा कुठला प्रोग्रॅम बोलतोय. खरा धागा तिथे आहे. नेटस्टॅटपुढे एक जागा सोडून डॅश आणि ए-एन-ओ ही तीन इंग्रजी अक्षरं लिहिली की प्रत्येक ओळीच्या शेवटी पीआयडी नावाचा आकडा येतो. टास्क मॅनेजरच्या 'डिटेल्स' टॅबमध्ये तोच आकडा शोधायचा, शेजारी नाव मिळतं. हे किचकट वाटलं तर विंडोजमध्येच 'रिसोर्स मॉनिटर' आहे, स्टार्टमध्ये शोधा. त्याच्या नेटवर्क टॅबमध्ये प्रोग्रॅमचं नाव, पलीकडचा पत्ता, किती बाइट गेले, किती आले, सगळं समोर. मला तोच आवडतो. मायक्रोसॉफ्टचंच 'टीसीपीव्ह्यू' नावाचं फुकट साधनही आहे, पण सुरुवातीला गरज नाही.

नाव मिळालं की त्यावर राइट क्लिक करून 'ओपन फाइल लोकेशन'. विंडोजचा खरा 'एसव्हीसीहोस्ट' सिस्टम ३२ च्या फोल्डरमध्ये राहतो. तो एकाच वेळी कितीतरी वेळा चालू दिसतो आणि ते बरोबर आहे, कारण विंडोजच्या अनेक सेवा त्याच्याच अंगावर चालतात. पण एखादं अक्षर मागेपुढे असलेलं तसंच नाव असेल आणि फाइल टेम्प किंवा ॲपडेटाच्या पोटातल्या कुठल्यातरी फोल्डरमध्ये असेल, तर मात्र सावध. नावाजलेल्या मसाल्याच्या पाकिटासारखं पाकीट आणि नावात एक काना जास्त. आपण दुकानदार, हे आपल्याला कोणी शिकवायला नको.

(ॲपडेटात असलेलं सगळंच वाईट नसतं. चांगले चांगले प्रोग्रॅमही तिथे राहतात. फाइलच्या प्रॉपर्टीजमध्ये 'डिजिटल सिग्नेचर्स' टॅबवर कंपनीचं नाव आहे का ते बघा, आणि शंका असेल तर ती फाइल 'व्हायरसटोटल'वर टाकून तपासा. फक्त गिऱ्हाइकांच्या याद्या, बिलं, आधारच्या प्रती तिथे टाकू नका; टाकलेली फाइल इतर संशोधकांपर्यंत जाऊ शकते.)

आणि रात्री कोणी नसताना दिवा का लुकलुकतो? माझ्या बाबतीत उत्तर फारच बोअरिंग निघालं. विंडोज आपली देखभालीची कामं नेहमीच्या सेटिंगला रात्री २ वाजता काढतं. ड्राइव्हवर फोटो चढत असतात. आणि विंडोज १० पासून 'डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन' म्हणून एक सोय आहे, ज्यात तुमचा कॉम्प्युटर आलेला अपडेट दुसऱ्या कॉम्प्युटरलाही वाटू शकतो. पोर्ट ७६८०. म्हणजे अपलोड होतंय, तुम्ही काही केलेलं नाही, आणि तरी चोर नाही! नेटचा प्लॅन मोजका असेल तर अपडेटच्या ॲडव्हान्स्ड ऑप्शन्समध्ये जाऊन हे बंद करा. मी केलंय.

राउटरच्या लॉगमध्ये 'पोर्ट स्कॅन' अशा ओळी दिसल्या म्हणून एक ताई रडकुंडीला आल्या होत्या. "कोणीतरी माझ्यावर पाळत ठेवलीये." ताई, तुमच्यावर नाही हो, सगळ्यांवर. २०१३ मध्ये मिशिगन विद्यापीठातल्या संशोधकांनी 'झेडमॅप' नावाचं साधन काढलं, त्याने एका कॉम्प्युटरवरून, चांगल्या वेगाच्या लाइनवर, जवळजवळ चार अब्ज पत्त्यांचं दार पाऊण तासाच्या आत ठोठावता येतं. रात्री बाजारपेठेतून कोणी काठीने प्रत्येक शटर वाजवत गेला तर तो तुमचा वैरी नसतो. फक्त तुमचं शटर खाली ओढलेलं आहे ना, कुलूप लावलंय ना, तेवढं बघायचं. कुलूप म्हणजे काय? राउटरचा कंपनीने दिलेला पासवर्ड बदललेला असणं, आणि बाहेरून ३३८९ नंबरचा, म्हणजे रिमोट डेस्कटॉपचा, दरवाजा उघडा नसणं. "घरून दुकानाचा कॉम्प्युटर चालवता यावा" म्हणून काही इन्स्टॉलवाले हा दरवाजा सरळ उघडून देतात. तुमच्याकडे दिला असेल तर आजच्या आज बंद करून घ्या.

एवढं वाचून तुम्हाला वाटेल, म्हणजे सगळं नॉर्मलच असतं, ताई उगाच लेख लिहितात. नाही. आता दुसरी बाजू.

माझ्या एका बॅचमधल्या ताई घरून मसाले आणि फराळ विकतात. लेबलं डिझाइन करायला पुतण्याने त्यांना महागडं सॉफ्टवेअर 'क्रॅक' करून दिलं, एका टेलिग्राम ग्रुपवरून. सॉफ्टवेअर मस्त चाललं. पण काही दिवसांनी कॉम्प्युटरचा पंखा सतत घोंघावायला लागला. गंमत म्हणजे टास्क मॅनेजर उघडला की आवाज बंद, मिटला की पुन्हा सुरू. मी त्यांच्याकडे गेले, रिसोर्स मॉनिटर लावून ठेवला आणि चहा घेतला. एक ओळ हलायला तयार नाही. ब्राउझर बंद केला, तरी आहे. कॉम्प्युटर रिस्टार्ट केला, तरी पाच मिनिटांत हजर. पोर्ट ३३३३, प्रोग्रॅमचं नाव एसव्हीसीहोस्टसारखं पण एक अक्षर कमी, फाइल ॲपडेटात. त्यांच्या विजेवर दुसराच कोणी क्रिप्टोचं नाणं पाडत होता.

विंडोज सिक्युरिटी ओरडत कशी नाही म्हणून तिथे बघितलं. 'एक्सक्लूजन्स'मध्ये, म्हणजे 'इथे तपासू नकोस' या यादीत, अख्खा सी ड्राइव्ह टाकलेला. क्रॅक चालावा म्हणून पुतण्याने, सूचनेत लिहिलं होतं तसं, वॉचमनला स्वतःच सांगितलं होतं की तू डोळे मीट.

ही गोष्ट इथेच संपली असती तर विजेच्या बिलावर भागलं असतं. पण त्याच पाकिटातून आणखी काहीतरी आलं होतं, ज्याने ब्राउझरमधले साठवलेले पासवर्ड आणि चालू लॉगिन उचलून नेले. ते त्या यादीत मला दिसलं नाही. दिसणारच नव्हतं, कारण असले प्रोग्रॅम आपलं काम चटकन आटोपून निघून जातात. कळलं कधी, तर ऐन दिवाळीच्या तोंडावर त्यांचं इन्स्टाग्राम पेज त्यांच्या हातून गेलं तेव्हा. वर्षानुवर्षं जोडलेली गिऱ्हाइकं, आणि त्या पेजवरून सगळ्यांना मेसेज, "या नंबरवर ॲडव्हान्स पाठवा." तिघींनी पाठवले. ताईंनी ते पैसे स्वतःच्या खिशातून भरून दिले. "त्यांनी माझ्या नावावर विश्वास ठेवला होता," एवढंच म्हणाल्या.

म्हणून जेव्हा कोणी मला म्हणतं की "आपण छोटी माणसं, आपल्याला कोण हॅक करतंय," तेव्हा मला त्या ताईंचं घर आठवतं. त्यांना कोणी निवडलं नव्हतंच. जाळं टाकलं होतं, त्या सापडल्या. आणि तुमचं डिझाइनचं काम 'इंकस्केप' आणि 'गिंप'वर होतं, हिशेब-पत्रं 'लिब्रेऑफिस'वर होतात, तीनही फुकट आणि कायदेशीर. शिकायला आठवडा जाईल. जाऊ दे.

यादी वाचण्याच्या मर्यादा मी लपवणार नाही. एक तर बहुतेक बोलणं आता कुलूपबंद असतं. कोण कोणाशी बोललं ते दिसतं, काय बोललं ते दिसत नाही. आणि दुसरं, ओळखीचा प्रोग्रॅमही फितूर होऊ शकतो. २७ जून २०१७ ला 'नॉटपेट्या' पसरला तो युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून. हिशेबाचं सॉफ्टवेअर! तिथे तो आपल्या टॅलीइतका घरचा. त्यात मर्स्क ही जहाज कंपनी सापडली आणि त्याची झळ आपल्या न्हावाशेव्यापर्यंत आली. जेएनपीटीवरच्या त्यांच्या टर्मिनलचं काम अडकलं. त्या दिवशी ज्यांनी यादी बघितली असती त्यांना ओळखीचंच नाव दिसलं असतं. अशा वेळी उपयोगी पडतो तो फक्त बॅकअप, आणि तोही कॉम्प्युटरला न जोडता कपाटात ठेवलेला. माझ्याकडे दोन पेनड्राइव्ह आहेत, शनिवारचा एक आणि महिनाअखेरचा एक.

तर मग करायचं काय? माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं काम घाबरण्याच्या आधी करायचं असतं. एखाद्या निवांत रविवारी, कॉम्प्युटर ठीक चाललेला असताना, सगळं बंद करून ती यादी एकदा बघा. मग टॅली उघडा, पुन्हा बघा. ब्राउझरमध्ये एक बातम्यांची साइट उघडा आणि एका पानासाठी किती ओळी येतात ते बघा, डोळे विस्फारतील. जी नावं दिसतील ती वहीत उतरवा, पत्ते लिहीत बसू नका, ते बदलत राहतात. दुकानात रोज येणारी गिऱ्हाइकं आपल्याला चेहऱ्याने माहीत असतात म्हणूनच नवा माणूस आत आला की आपली मान वर होते. मी महिन्यातून एकदा बघते, दहा मिनिटं लागतात. याच बैठकीत सेटिंग्जमधला 'डेटा यूसेज' पण बघते, कुठल्या ॲपने किती नेट खाल्लं ते तिथे दिसतं.

त्या वहीत नसलेलं नाव दिसलं, ते रिस्टार्टनंतरही परत आलं, किंवा एकच प्रोग्रॅम तासन् तास बाहेर पाठवतोय, आणत काहीच नाही, किंवा तो एकाच वेळी ढीगभर पत्त्यांच्या २५ किंवा ४४५ नंबरवर धडका देतोय, तर ते गंभीर घ्या. पहिलं काम, नेट काढा. वायर उपटा किंवा वायफाय बंद. मग मोबाईलवरून, मोबाईलच्याच डेटावर, ईमेलचा आणि बँकेचा पासवर्ड बदला आणि 'सगळीकडून लॉगआउट' करा. त्याच कॉम्प्युटरवरून पासवर्ड बदलणं म्हणजे चोराच्या हातात नवी किल्ली. विंडोज डिफेंडरचा ऑफलाइन स्कॅन चालवा. सरकारच्या सायबर स्वच्छता केंद्राची साफसफाईची साधनं फुकट आहेत, २०१७ पासून. पण पासवर्ड गेल्याचा संशय असेल तर मी 'साफ' करण्याच्या भानगडीत पडत नाही. डेटा काढून घ्यायचा आणि विंडोज नव्याने टाकायचं. आपल्या गल्लीतल्या हार्डवेअरवाल्या दादाला द्या, समोर बसून करून घ्या. आणि तुमचा कॉम्प्युटर अजून विंडोज १० वर असेल तर लक्षात घ्या, १४ ऑक्टोबर २०२५ ला त्याचा नेहमीचा सपोर्ट संपलाय.

पैसे गेले असतील तर मात्र एक मिनिट वाया घालवू नका. १९३० ला फोन, बँकेला फोन, आणि मग सायबर क्राइमच्या सरकारी पोर्टलवर तक्रार. मी लाजेपोटी दिवाळी उलटेपर्यंत थांबले, त्यामुळे माझे साडेआठ हजार काही परत आले नाहीत. लवकर कळवलं तर रक्कम वाटेतच गोठवता येण्याची शक्यता असते.

रिमोट ॲपबद्दल एवढंच. अकाउंटिंग सॉफ्टवेअरचा सपोर्ट त्याच्याशिवाय होत नाही, हे मला मान्य आहे, मी पण वापरते. पण तो नंबर तुम्ही बिलावरून किंवा डीलरकडून घेतलेला असावा, काम होईपर्यंत तुम्ही समोर बसावं, बँकेची खिडकी बंद असावी, आणि काम संपलं की ॲप अनइन्स्टॉल. रिझर्व्ह बँकेने अशा ॲपमधून होणाऱ्या फसवणुकीबद्दल २०१९ मध्येच सावध केलं होतं. मी तेव्हा ते वाचलं होतं. दुकानाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फॉरवर्ड पण केलं होतं!

त्या 'प्लॅन'वाल्यांचा मला अजूनही दरवर्षी फोन येतो, रिन्युअलसाठी. या वर्षीही आला. "मॅडम, आपके कॉम्प्युटर में फिर से फॉरेन ट्रॅफिक दिख रहा है." मी म्हटलं, थांबा, यादी उघडते. कॉम्प्युटर बंदच होता, मी दुकानात टेपचे रोल मोजत होते. त्याने विचारलं, पहिला फॉरेन ॲड्रेस कोणता दिसतोय? मी म्हटलं, १२७.०.०.१.

"मॅडम," तो आवाज खाली आणून म्हणाला, "यही सबसे खतरनाक वाला है."